उत्तर हरभरा काढायच्या आधी गेलं पाहिजे

डिसेंबर संपत आला की दरवर्षी मला एक मावशी आठवतात. त्यांचं नाव लिहीत नाही, गावही नाही, मराठवाड्यातलं एक कोरडवाहू गाव एवढंच धरा. आमच्या आकाशवाणी केंद्राच्या व्हॉट्सॲप नंबरवर त्यांनी नातवाच्या फोनवरून एक व्हॉइस मेसेज पाठवला होता, मागे कोंबड्यांचा आवाज, आणि त्या म्हणत होत्या, "ताई, आमच्या हरभऱ्याला फुलं लागलीत अन् पाल्यावर बारकी बारकी हिरवी अळी दिसायली, काय फवारावं ते रेडिओवर सांगा, मी संध्याकाळी ऐकते." अर्ध्या मिनिटाचाही मेसेज नव्हता. मी तो ऐकला, कागदावर उतरवला, शेतीच्या कार्यक्रमाच्या फाइलला लावला, एका कीटकशास्त्रज्ञ सरांना फोन केला, ते म्हणाले पुढच्या आठवड्यात येतो, पुढच्या आठवड्यात त्यांचं प्रशिक्षण निघालं, मग आमचा स्टुडिओ रिकामा नव्हता, मग संक्रांत आली, मग रेकॉर्डिंग झालं पण कार्यक्रमांचं वेळापत्रक आधीच लागलेलं होतं, असं करत करत उत्तर प्रसारित झालं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. मुलाखत फार छान झाली होती म्हणून मी मोठ्या आनंदाने मावशींना फोन केला, ऐकलं का म्हणून. त्या म्हणाल्या, "ऐकलं की. लई चांगलं सांगितलं साहेबांनी. पण ताई, हरभरा काढून झाला ना आमचा."

बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता, लगेच पुढे त्यांनी मलाच विचारलं, जेवलात का. मी फोन ठेवला आणि ड्युटी रूममध्ये तशीच बसून राहिले.

त्या मुलाखतीत सगळं होतं हो. हरभरा निम्मा फुलोऱ्यात आला की पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा, म्हणजे पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजत घालायची, सकाळी फडक्यातून गाळायची आणि पाणी घालून शंभर लिटर करायचं. एकरी दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे सापळे, लावायचे. पक्ष्यांना बसायला शेतात काठ्या रोवायच्या, साळुंक्या अळ्या वेचून खातात. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग सापडायला लागले की मग पुढचा उपाय. एक शब्द चुकीचा नव्हता. पण घाटेअळी, म्हणजे हीच हरभऱ्यावरची अळी, एकदा मोठी झाली, घाट्याला म्हणजे शेंगेला भोक पाडून डोकं आत घालून दाणा खायला लागली की निंबोळी अर्काने काही होत नाही, ती बारीक असतानाचे दहा-बारा दिवसच कामाचे असतात आणि ते दिवस आम्ही वेळापत्रक जुळवण्यात घालवले. मावशींनी अळी अगदी बरोबर वेळेला बघितली होती. उशीर आमच्याकडून झाला.

मी केंद्रावर नैमित्तिक निवेदिका आहे, चौदा वर्षं झाली. नैमित्तिक म्हणजे कायम नोकरी नाही, स्वरचाचणी पास करून पॅनलवर असलेले लोक, महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळतात. सकाळची पहिली सभा असेल तर पहाटे पाचला घरातून निघायचं, संध्याकाळची तिसरी सभा असेल तर रात्री अकरानंतर घरी. (प्रसारणाच्या सत्राला आमच्याकडे सभा म्हणतात, बाहेरच्या लोकांना हा शब्द फार आवडतो, मलाही आवडतो.) लोकांना वाटतं रेडिओचं काम म्हणजे गोड आवाजात गाणी सांगायची, पण माझा जीव लागला तो दुसऱ्या कामात, गावात जाण्याच्या. आता मीटिंगमध्ये त्याला कम्युनिटी एंगेजमेंट म्हणतात, पीपीटी असते, त्यात किती गावं, किती फोन, किती फॉलोअर असे रकाने असतात. जुने लोक श्रोता संपर्क म्हणायचे. आमच्या एक निवृत्त मॅडम तर नुसतं "रानात जाऊन येते" असं म्हणायच्या आणि खांद्याला रेकॉर्डर लावून एसटीने निघायच्या.

हरभऱ्याच्या त्या प्रकरणानंतर मी जुनं वाचायला लागले, की आपल्या आधीच्या लोकांनी हे कसं केलं होतं. आणि मला कळलं की या बाबतीत जगभर गाजलेला एक प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झालाय आणि आपल्याला तो माहीतच नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने श्रोता मंडळांचा प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं. प्रत्येक गावात वीसेक लोकांचं मंडळ. आठवड्यातून दोन दिवस अर्ध्या तासाचा कार्यक्रम, दहा आठवडे, म्हणजे एकूण वीस कार्यक्रम. लोकांनी एकत्र बसून ऐकायचं, रेडिओ बंद झाला की त्यावर चर्चा करायची, आपल्या गावात काय करता येईल ते ठरवायचं, आणि अडलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवायचे, त्यांची उत्तरं त्याच कार्यक्रमांतून द्यायची. मूळ कल्पना कॅनडाची, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळं चालत होती. आपल्या प्रयोगाचा अभ्यास मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेने केला, डॉ. पॉल न्यूरथ नावाच्या समाजशास्त्रज्ञांनी, आणि त्यांना असं दिसलं की जिथे मंडळं होती तिथल्या लोकांच्या माहितीत बरीच जास्त भर पडली, नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रेडिओ दोन्हीकडे तोच होता, कार्यक्रमही तेच. फरक होता तो बसून बोलण्याचा आणि उलटून विचारता येण्याचा. १९५९ पासून हीच मंडळं देशभर सुरू केली गेली आणि काही वर्षांनी ती विरून गेली. आकडा वाढत गेला तसं प्रश्नांना वेळेवर उत्तर देणारं माणूस कमी पडत गेलं असणार असं माझं मत, कारण आमच्या एका केंद्राच्या एका व्हॉट्सॲप नंबरवर मी ते रोज बघतेय.

तर मी एक वही घातली. साधी दोनशे पानी वही. रकाने पाच: तारीख, गाव, प्रश्न, उत्तर कधीपर्यंत गेलं पाहिजे, उत्तर कधी गेलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. हरभऱ्याची अळी असेल तर तिथे "पाच दिवस" लिहायचं, शिष्यवृत्तीचा फॉर्म असेल तर शेवटच्या तारखेच्या आधीची तारीख, म्हशीचा कासदाह असेल तर कार्यक्रमाची वाटच बघायची नाही, पशुवैद्यकीय डॉक्टरांना तिथल्या तिथे फोन लावून विचारणाऱ्याशी जोडून द्यायचं आणि तेच बोलणं दोघांच्या परवानगीने रेकॉर्ड करून नंतर लावायचं. आमच्या कार्यक्रम अधिकारी मॅडमनी पहिल्यांदा वही बघितली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी त्यांनी शेतीच्या कार्यक्रमातली शेवटची सात मिनिटं मोकळी ठेवायला सांगितली, रोज, नुसती वहीतल्या उत्तरांसाठी. त्यासाठी त्यांना कुठे कुठे भांडावं लागलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

आता एक रेकॉर्डिंग सांगते, म्हणजे हे काम जवळून कसं दिसतं ते कळेल.

मे महिना, दुपारी तीन. गावातलं समाजमंदिर, वर पत्रे. पत्र्याखाली आवाज असा घुमतो की माणूस विहिरीत बोलतोय असं वाटतं, म्हणून आम्ही घरोघरी जाऊन गोधड्या मागितल्या, सहा गोधड्या आल्या, चार खाली अंथरल्या, दोन खिडक्यांना टांगल्या. पंखा बंद करावा लागतो, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते, आणि मे महिन्यात पंखा बंद करा म्हणताना जीव कसातरी होतो. समोर पिठाची गिरणी चालू. गिरणीवाल्या भाऊंना विनंती केली तर म्हणाले एवढी एक पायली निघू द्या. ती पायली निघेपर्यंत वीस मिनिटं आम्ही सगळ्या नुसत्या बसून होतो, घाम पुसत, आणि मला वाटतं खरं काम त्या वीस मिनिटांतच झालं, कारण माइक बंद होता आणि बाया एकमेकींशी बोलत होत्या. विषय आम्ही ठरवून गेलो होतो परसबागेचा. त्या बोलत होत्या रेशनच्या अंगठ्याबद्दल.

मी म्हटलं मग आपण हेच बोलू. एक आजी पुढे सरकल्या, सत्तरीच्या असतील, पदर नीट केला, माइककडे बघितलं आणि मला हळूच विचारलं, "आमच्यातलं बोलू का रेडिओतलं बोलू?"

मला पटकन उत्तरच सुचेना. इतकी वर्षं आपण या बाईच्या घरात बोलतोय आणि तिला वाटतंय की तिची भाषा इथे चालणार नाही, बोलायचं तर आधी कपडे बदलून यावं तशी भाषा बदलून यावं लागेल. मी म्हटलं आजी, तुमच्यातलंच बोला. मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे उलटे-सुलटे करून दाखवले आणि म्हणाल्या, "रानात खुरपून खुरपून बोटाच्या रेघाच गेल्या बघा. दुकानदार अंगठा लाव म्हणतो, मी लावते, तर मशीन म्हणतंय ही बाई ती बाई न्हवंच. मग मी कोण हाय?" आणि त्यांच्या मागून चार-पाच बाया एकदम, "माझं बी तसंच, माझं बी."

परत आल्यावर एडिटिंगच्या वेळी एकांनी सुचवलं की भाषा थोडी सुधारून निवेदनात आपण सांगूया, आजींचा आवाज मागे ठेवूया, श्रोत्यांना समजायला सोपं जाईल. ते वाईट हेतूने बोलत नव्हते, वर्षानुवर्षं तसंच होत आलंय. पण मी ऐकलं नाही. आजींचा आवाज जसाच्या तसा गेला, श्वास घेण्यासाठी त्या थांबल्या तो थांबाही आम्ही कापला नाही. आणि त्यांचं बोलणं एकटं लावलं नाही. तीन दिवसांत तालुक्याच्या पुरवठा विभागातल्या साहेबांचं उत्तर रेकॉर्ड केलं, की अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही, कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, मोबाईलवर ओटीपी घेता येतो, जिथे सोय आहे तिथे डोळ्याची बुबुळं स्कॅन करता येतात. प्रश्न आणि उत्तर एकाच कार्यक्रमात, आजींच्या गावाचं नाव घेऊन. नुसता प्रश्न लावला तर लोकांना वाटतं रेडिओवर आपलं रडगाणं झालं, नुसतं उत्तर लावलं तर वाटतं सरकारी सूचना वाचतायत. दोन्ही जोडून लावलं की पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावचा माणूस दुकानात जाऊन म्हणतो की रेडिओवर सांगितलंय, ओटीपी घ्या. असे तीन फोन आले मला, तीन वेगवेगळ्या गावांतून. मी वहीत लाल पेनने लिहिलेत ते.

पण त्या गावाच्या बाबतीत आमच्या हातून एक वाईट गोष्टही झाली, ती पण लिहायला हवी. निघताना मी आजींना कागदावर लिहून दिलं होतं, गुरुवारी संध्याकाळी सव्वासात वाजता. तो कागद त्यांनी समाजमंदिराच्या भिंतीला लावला. गुरुवारी संध्याकाळी पारावर तीस-पस्तीस लोक जमले, एका पोराने फोनला इअरफोन लावून (फोनमध्ये इअरफोनची वायरच एरियल असते, ती लावल्याशिवाय एफएम लागत नाही, हे गावात लहान पोरांनाही माहीत असतं) आवाज स्पीकरवर टाकला, आणि सव्वासातला लागलं काय, तर दुपारी उशिरा वरून आदेश आलेलं एक विशेष सहक्षेपण, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम आमच्यावरून लावणं. आमचा कार्यक्रम रद्द. मला ते कळलं तेव्हा सात वाजून गेले होते. मी पोराला फोन लावला, तो म्हणाला, "आजी म्हणतेय आपलं नंतर लागंल, बसा." आणि ते लोक पावणेआठपर्यंत बसले होते.

स्थानिक केंद्राच्या वेळेवर वरून कार्यक्रम येऊन बसतो तेव्हा कागदावर एवढंच दिसतं की तीस मिनिटं इकडची तिकडे झाली. पण आम्ही लोकांना तारीख आणि वेळ सांगून आलेलो असतो, आणि त्या वेळेसाठी कोणी भाकऱ्या लवकर थापलेल्या असतात, कोणी धारा लवकर काढलेल्या असतात. आता मी कोणालाही वेळ सांगितली की त्या दिवशी दुपारी चारला आणि सहाला केंद्रात फोन करून खात्री करते, ड्युटी असो नसो, आणि बदल झाला तर गावात आधी कळवते. एवढं तरी माझ्या हातात आहे.

लोक मला विचारतात, ताई, आता रेडिओ ऐकतंय कोण. खोटं कशाला सांगू, पूर्वीपेक्षा कमी ऐकतात. नव्या पुष्कळ फोनमध्ये एफएम येतच नाही. २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने फोन कंपन्यांना सूचना काढली की फोनमधलं एफएम बंद करू नका, पण गावातल्या मोबाईलच्या दुकानात जाऊन बघा किती फोनमध्ये सापडतं. न्यूज ऑन एअर नावाचं ॲप आहे, त्यावर आमचं केंद्र पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोरं ऐकतात, एकाने चाकणच्या कंपनीतून रात्रपाळीला जाताना मेसेज केला होता की आमच्या गावच्या भजनी मंडळाचा आवाज ऐकला, आईचा आवाज ओळखला. पण शेतात मोटर चालू करून बांधावर बसलेल्या माणसाला नेटचा पॅक मारून रेडिओ ऐक म्हणणं मला पटत नाही. हवेतून येणारं फुकट यावं. ही हवा सगळ्यांची आहे, हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, १९९५ साली सुप्रीम कोर्टाने तसा निकाल दिलाय, प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, आणि तो लिहिणाऱ्या न्यायमूर्तींमध्ये आपले पी. बी. सावंत होते. त्यानंतर हळूहळू सामुदायिक रेडिओचं धोरण आलं, आधी फक्त शिक्षणसंस्थांना आणि २००६ नंतर स्वयंसेवी संस्थांनाही परवानगी मिळाली, म्हणून आज म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनीसारखं रेडिओ केंद्र आहे जिथे माणदेशातल्या बाया स्वतः माइकवर असतात. पन्नास वॅटचा ट्रान्समीटर, दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, एवढ्यात ते लोक जे करतात ते बघून मला हेवा वाटतो. तिथे 'आमच्यातलं बोलू का' असं कोणाला विचारावं लागत नसेल.

आमच्याकडे टापू मोठा, माणसं कमी, कायम लोक निवृत्त होतायत आणि जागा भरल्या जात नाहीत. तरी वही चालू आहे. तिसरी वही आता. सगळेच प्रश्न शेतीचे नसतात. मागच्या महिन्यात नववीतल्या एका मुलीने पोस्टकार्ड पाठवलं होतं, खरंखुरं पोस्टकार्ड, निळ्या शाईने, की आमच्या गावाची संध्याकाळची एसटी साडेपाचला सुटते आणि शाळा पावणेसहाला, तर आम्ही मुली चार किलोमीटर चालत येतो, हे कोणाला सांगायचं. ते कार्ड मी जसंच्या तसं वाचलं, काही जोडलं नाही, आणि त्याच दिवशी आगारप्रमुखांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, वेळ मागितला. अजून गाडीची वेळ बदललेली नाही. पाचवा रकाना रिकामा आहे, मी दर सोमवारी फोन करते, आता ते माझा आवाज ओळखतात.

आणि हरभऱ्याच्या मावशी. परवा त्यांचा मेसेज आला, तोच नातू, तोच नंबर, मागे कोंबड्या. "ताई, यंदा हरभरा नाही केला, करडई केलीय. शेंड्याला काळा मावा बसायलाय, पाला चिकट झालाय. मागच्यासारखं करू नका, गुरुवारच्या आत सांगा."

मेसेज सोमवारी रात्री नऊला आला. मंगळवारी सकाळी सरांना फोन केला, त्यांना मागची सगळी गोष्ट सांगितली, ते म्हणाले मी दौऱ्यावर आहे, पण फोनवरच रेकॉर्ड करून घ्या, गाडी बाजूला घेतो. ट्रकच्या आवाजात साडेचार मिनिटांचं रेकॉर्डिंग झालं, आवाज काही फार चांगला नाही, एडिटिंगला बसलेल्या मुलाने नाक मुरडलं, पण शब्दन् शब्द कळतो. काल, बुधवारी संध्याकाळी सात वाजून बावीस मिनिटांनी ते गेलं, मावशींच्या गावाच्या नावासकट.

आज सकाळी मावशी फवारा भाड्याने आणायला गेल्यात असं नातवाने कळवलंय.